चहा मागत होते

तत्त्वज्ञान विभागाच्या तिसऱ्या वर्षाला मुलं सहाच होती, आणि त्यातल्या पाचांना दुसरीकडे कुठे प्रवेश मिळाला नाही म्हणून तत्त्वज्ञानाची ओढ लागली होती. सहावी कुंदुझ. तिने अर्जावर पहिली पसंती म्हणूनच तत्त्वज्ञान लिहिलं होतं. अर्ज घेणाऱ्या बाईंनी चष्म्यावरून बघत दोनदा विचारलं होतं, "चुकून लिहिलंस का गं?"

कुंदुझ राजधानीत, बिश्केकमध्येच जन्मली आणि वाढली. वडील ट्रॉलीबसच्या डेपोत, घर दोन खोल्यांचं आणि माणसं सहा, म्हणून ती वसतिगृहात राहायची. तिची खोलीतली आणि वर्गातलीही जोडीदारीण बुरुल, दूर डोंगरातल्या नारीनच्या अलीकडच्या एका गावातली. बुरुल बोलकी, हसरी, अभ्यासात बेताची. कुंदुझ तिच्या बरोबर उलट, आणि वर खोटं न बोलण्याचा हट्ट. हरिश्चंद्राचा अवतारच म्हणा ना. मैत्रिणीने नवा कोट घालून "कसा दिसतो?" विचारलं की ही "खांद्यात ढगळ आहे" म्हणणार. सुरुवातीला मुली चिडल्या, मग त्यांना त्याचा उपयोग कळला. बरणीतला जॅम कुणी संपवला इथपासून अमका मुलगा खरंच चांगला आहे का इथपर्यंत, भांडण कुंदुझपाशी येऊन मिटायचं. "कुंदुझ म्हणाली ना? मग झालं," असं बुरुल सगळ्यांना सांगत फिरायची. आणि कुंदुझला ते आवडायचं. का आवडू नये? माणसाला कशाचा ना कशाचा अभिमान लागतोच.

डिसेंबरात नीतिशास्त्राच्या तासाला शार्शेन अगायांनी, म्हणजे सरांनी, एक विषय काढला. शार्शेन अगाय म्हणजे जुनं खोड. सोव्हिएत काळात ते याच खोलीत देव कसा नाही ते शिकवायचे. आता नीतिशास्त्र शिकवतात, आणि शुक्रवारी नमाजाला जायचं म्हणून तास दहा मिनिटं आधी सोडतात. त्यावरून कुणी डिवचलंच तर म्हणतात, "बाळांनो, खोली तीच, खुर्ची तीच. मी काय बदललो?"

"आपल्याकडे घरातलं माणूस गेलं," अगाय म्हणाले, "की परगावी असलेल्या पोराला काय सांगतात?"

"आजारी आहे, ये," वर्गाचा मॉनिटर एर्लान मागून म्हणाला.

"मग हे खोटं झालं की नाही?"

कुंदुझ उभीच राहिली. "झालं, अगाय. सरळसरळ खोटं. अख्ख्या गावाला माहीत, गाडीवाल्याला माहीत, आणि ज्याचा बाप गेला त्यालाच तेवढं माहीत नाही. प्रेमाच्या नावाखाली केलेला अपमान आहे हा. ज्याचं दुःख आहे ते आधी त्याच्या हातात द्यायला पाहिजे. ते त्याला पेलणार नाही, हे ठरवणारे आपण कोण?"

बोलायला लागली की ती छान बोलायची. मुलांनी बाकं वाजवली. अगायांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तू कधी कुणाला अशी बातमी दिलीस?"

"नाही."

"तुला कुणी दिली?"

"नाही, अगाय."

"बरं," म्हणून त्यांनी हजेरीचं पुस्तक पुढे ओढलं. वर्गाला वाटलं कुंदुझ जिंकली. कुंदुझलाही तसंच वाटलं. जिना उतरताना बुरुलने तिच्या दंडाला विळखा घातला. "ए, माझ्या बाबतीत असं काही झालं तर तूच सांग हं. बाकीचे सगळे गोल गोल फिरवतील."

"सांगेन," कुंदुझ म्हणाली.

जानेवारीत परीक्षा सुरू झाल्या. नीतिशास्त्राच्या तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी कुंदुझ वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात बटाटे परतत होती, तेवढ्यात अनोळखी नंबरावरून फोन आला.

"तू कुंदुझ ना, पोरी? मी बुरुलचा चुलता, जूमाश अबा. ती जवळ आहे का तुझ्या?"

"नाही, अबा. खोलीत आहे."

"मग ऐक. तुर्दुबेक गेला. बुरुलचा बाप." मागून बायकांचं रडणं ऐकू येत होतं. "पहाटे गोठ्यात गेला होता, तिथेच बसला तो बसलाच. मी आता तिला फोन करतो. बाप जरा आजारी आहे, ये, एवढंच सांगतो. नऊ वाजता आपल्या कुबान गाडीवाल्याची गाडी स्टँडवर असेल, त्याला माहीत आहे. तू तिच्याबरोबर ये, एकटी सोडू नकोस. बाकीचं इथे आम्ही म्हातारे बघू. कळलं ना?"

"हो, अबा."

हो म्हणाली. महिन्यापूर्वी बाकं वाजवून घेणारी मुलगी एका अक्षरात मोकळी झाली. फोन ठेवला तेव्हा तव्यावरचे बटाटे काळे झाले होते.

सांगायचंच, हे तिने तेव्हाच ठरवलं. खोलीत गेल्या गेल्या सांगायचं. पण खोलीत बुरुलच्या कानाला फोन होता आणि ती उभ्या उभ्या पिशवीत कपडे कोंबत होती. भरून झालं की सांगू. भरून झालं, तेव्हा बुरुल बुटाचे बंद बांधत होती आणि गाठ बसत नव्हती. कुंदुझने खाली वाकून गाठ मारून दिली. स्टँडवर सांगू. त्याआधी अगायांना सांगायला हवं होतं, म्हणून ती विभागात पळत गेली. परीक्षेचं निमित्त मिळालं याचं तिला बरंच वाटलं.

"अगाय, बुरुलचे वडील..."

अगायांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हात वर केला. "आजारी आहेत."

"हो. आजारी आहेत."

"जा तुम्ही. परीक्षेचं नंतर बघू." ती दारापर्यंत पोचल्यावर त्यांनी पुन्हा हाक मारली. "कुंदुझ, गाडीत फार बोलू नकोस."

हे काय सांगणं झालं, असं तिला वाटलं. जरा रागही आला.

कुबानची गाडी जुनी होती, पण आतून स्वच्छ. पुढे एक म्हातारी बसली होती, मांडीवर पोतडी आणि हातात जपाचे मणी. कुबानने दोघींच्या पिशव्या स्वतः उचलून ठेवल्या. एरवी हे गाडीवाले गिऱ्हाईक मिळेपर्यंत गोड असतात आणि मग पिशवी आपली आपण उचला म्हणतात. त्याने संगीत लावलं नाही. म्हातारीने बुरुलला "कुणाची गं तू?" असंही विचारलं नाही, आणि आपल्याकडे म्हातारी माणसं हे विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाहीत.

गाडी शहराबाहेर पडायच्या आधीच बुरुल रडायला लागली. आवाज नाही, नुसतं पाणी. कुणी तिला गप्प केलं नाही. म्हातारीचे मणी सरकत राहिले, कुबान रस्त्याकडे बघत राहिला. कुंदुझने तिचा हात धरला आणि मनात वाक्यं जुळवायला लागली. आता सांगायचं. बोओमच्या घळीत शिरायच्या आत. बुरुल, ऐक. बुरुल, तुला एक सांगायचंय. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तिला बुरुलची किंकाळी ऐकू यायची, आणि त्यानंतरचे पाच तास दिसायचे: बंद गाडी, बाहेर बर्फ, आणि शेजारी तीच.

घळीत शिरल्यावर बुरुलच तिच्याकडे वळली. डोळे सुजलेले, नाक लाल.

"कुंदुझ, इकडे बघ. तू कधी खोटं बोलत नाहीस. बाबा आहेत ना?"

पुढे मणी थांबले. कुबानने आरशात पाहिलं. म्हातारी खोकली, उगाचच.

"आहेत," कुंदुझ म्हणाली.

तेवढ्यावर थांबली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण ज्याला खोटं बोलायची सवय असते त्याला कुठे थांबायचं ते ठाऊक असतं. हिला सवय कुठे होती? बुरुल अजून तोंडाकडे बघत होती, म्हणून ही पुढे बोलली. "ब्लडप्रेशर वाढलंय थोडं. अबा माझ्याशीही फोनवर बोलले ना, तेव्हा मागून आवाज आला बाबांचा. चहा मागत होते."

हे कुठून सुचलं, तिचं तिला कळलं नाही. बुरुलने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि झाकलेल्या हातांआडून ती हसली. "चहाच मागणार! मरणाच्या दारातसुद्धा चहा मागतील ते! दूध कमी, आणि असा उकळता की जीभ भाजली पाहिजे." तिने कुंदुझच्या खांद्यावर डोकं टेकलं. "वाचवलंस गं. मला काय काय वाटलं होतं, सांगू नये."

तिथून पुढचा रस्ता कुंदुझला जन्मभर विसरता येणार नव्हता. बुरुलला कंठ फुटला. बाबांनी एकदा बैल समजून शेजाऱ्याच्या सासऱ्याला काठी कशी मारली, ते सगळं तिने सांगितलं. कुबानला दादा म्हणावं तसं म्हणाली, "बाइके, गाणी लावा की! काय मयताला चाललोय का आपण?"

"टेप बिघडलाय," कुबान म्हणाला.

"मग मीच म्हणते." आणि म्हणाली. बापाचं आवडतं गाणं, बऱ्यापैकी बेसूर. म्हातारीने शाल तोंडावर ओढून घेतली.

कोचकोरला गाडी जेवायला थांबली. बुरुलने मटणाचे गरम सामसे मागवले, सकाळपासून पोटात काही नाही म्हणत एकापाठोपाठ एक खाल्ले, आणि मग रस्त्यापलीकडे बापासाठी संत्री घ्यायला धावली. कुंदुझ तिच्यामागे निघाली होती, पण म्हातारीने तिची बाही धरली.

"थांब गं. कुठली तू?"

"बिश्केकची, अपा."

"वाटलंच. तुला काय म्हणायला सांगितलं होतं?"

"आजारी आहेत म्हणायला."

"मग जिवंत आहे म्हणायला कुणी सांगितलं?"

कुंदुझने रस्त्यापलीकडे संत्री निवडणाऱ्या बुरुलकडे पाहिलं.

"पोर विचारते, विचारणारच. विचारलं की मान खाली घालायची. एवढंच असतं. त्यात न समजण्यासारखं काय आहे?" म्हातारीचा आवाज चढला होता, पण डोळ्यांत पाणी होतं. "चहा म्हणे मागत होता! शिकलेल्या तुम्ही."

"आता सांगू का, अपा? तुम्ही म्हणालात तर आत्ता सांगते."

"इथे? बाजारात? तिला धरायला कोण आहे इथे, तू?" म्हातारीने बाही सोडली. "आता गप्प बस. आता ज्याचं काम आहे त्यालाच करू दे."

बुरुल संत्र्यांची पिशवी नाचवत परत आली. एक सोलून तिने कुंदुझच्या तोंडात फोड घातली. कुंदुझला ती चावता येईना आणि थुंकताही येईना. खाई त्याला खवखवे म्हणतात ते असं. दोलोनची खिंड चढून उतरेपर्यंत तिने मनातल्या मनात तीसेक वेळा तोंड उघडलं असेल. प्रत्येक वेळी बुरुल काहीतरी बोलत असायची, आणि आनंदाने बोलत असायची. सकाळी सांगणं अवघड होतं, ते दुपारपर्यंत अशक्य झालं. आणि ते तसं दुसऱ्या कुणी केलं नव्हतं.

गावात गाडी बुरुलच्या घरापर्यंत गेलीच नाही. अलीकडे शेजाऱ्यांच्या दारात थांबली. जूमाश अबा बाहेर उभे होते, बरोबर आणखी तीन पांढऱ्या दाढ्या. ते कुणी बुरुलकडे धड बघत नव्हते. त्यांनी तिला आत नेलं, भिंतीशी गादीवर बसवलं, दोन बायका तिच्या दोन बाजूंना येऊन बसल्या. कुंदुझ दाराशीच उभी राहिली.

अबांनी घसा साफ केला. त्यांनी शब्द जुळवून ठेवले होते. उडून गेलेल्या ससाण्याचे, मरणाची बातमी देताना जुनी माणसं सांगतात तसे. "पोरी," त्यांनी सुरुवात केली, "एक ससाणा होता. मुठीवर बसायचा, हाकेला यायचा..." आणि त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

अशा वेळी समोर जे तोंड असायला पाहिजे, ते तिथे नव्हतं. प्रवासाने गाल लाल झालेले, ओठाच्या कोपऱ्यात संत्र्याचा धागा, डोळे कोरडे. "अबा, ससाण्याचं काय मध्येच?" बुरुल म्हणाली. "बाबांना दवाखान्यात नेलंय का? मी संत्री आणलीत."

अबांनी वळून दाराकडे पाहिलं, कुंदुझकडे, आणि त्यांना काय झालं असेल ते कळलं असावं. तिन्ही दाढ्या खाली गेल्या. मग अबा गुडघ्यांवर पुढे सरकले, ससाण्याला त्यांनी सोडून दिलं, आणि नुसतं म्हणाले, "तुझा बाप गेला, बुरुल. पहाटे गेला."

बुरुल किंचाळली नाही. बाजूच्या बायकांनी तिला घट्ट धरलं, पण धरण्यासारखं तिने काही केलंच नाही. तिने सगळ्या माणसांवरून नजर फिरवत दाराशी आणली.

"पण तू म्हणालीस चहा मागत होते," ती म्हणाली.

अंगणात लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू उभारला होता, बाप त्यात होता. गावोगावचे पुरुष काठीवर भार देऊन मोठ्याने रडत दारातून आत येत होते. मुलीने तंबूत शिरताना आक्रोश करत शिरायचं असतं. बुरुलच्या तोंडून आवाज निघाला नाही. ती आईशेजारी भिंतीकडे तोंड करून बसली, आई बापाचे गुण गात गात रडत होती, आणि लेक गप्प. बायका कुजबुजल्या: शहरात शिकायला घातली ना, दगड झाली पोरगी. कुंदुझने ते ऐकलं. तंबूच्या दारात उभं राहून ओरडून सांगावं असं तिला वाटलं, की दगड ती नाही, मी. हेही तिने केलं नाही.

दफन झालं. कुंदुझ तीन दिवस घरातल्या सुनांबरोबर राबली. बशा धुतल्या, मयताच्या जेवणासाठी कापलेल्या जनावराची आतडी साफ केली, ती तिने आयुष्यात कधी केली नव्हती, विहिरीवरून पाणी आणलं. कुणी शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. पण सगळे म्हणायचे, किती करते गं मैत्रिणीसाठी. ते ऐकून तिला तोंड लपवावंसं वाटायचं. बुरुल तिच्याशी बोलली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती अंगणात मोठ्या कढईशी बशा विसळत होती, तेव्हा बुरुल बाहेर आली. डोक्याला काळा रुमाल. शेजारच्या ओंडक्यावर बसली.

"बुरुल, मी..."

"मला कळलं होतं," बुरुल म्हणाली. आवाज कोरडा होता. "अबांचा फोन आला तेव्हाच. आमच्याकडे कुणाला कळत नाही? आत्याला असंच सांगितलं होतं, शेजारच्या नूरलानला असंच. आजारी आहे, ये, म्हटलं की समजायचं. मग रस्ताभर रडायचं. सहा तास असतात ना. पोचेपर्यंत निम्मं रडून होतं, आणि उरलेल्याला दारात माणसं धरतात. मी शहरातच सुरू केलं होतं, कुंदुझ. मग तुला विचारलं."

कुंदुझच्या हातातली बशी पाण्यात सुटली.

"दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. तू म्हणालीस, म्हणून मी रडायची थांबले. बाबा इथे पडले होते आणि मी सामसे खात, गाणं म्हणत येत होते. आता रडू येत नाही. प्रयत्न करते, येत नाही. आई विचारते, काय झालं तुला."

सांगायला कुंदुझपाशी अख्ख्या सहामाहीत शिकलेली कारणं होती. हेतू चांगला होता, परिणाम अमुक, प्रथा तमुक; तीन बाजूंनी मांडता आली असती. लोका सांगे ब्रह्मज्ञान. तिला त्या सगळ्याची शिसारी आली.

"मला भीती वाटली," ती म्हणाली. "तू ओरडशील आणि मला सहा तास तुझ्या शेजारी बसावं लागेल, त्याची. तुझ्यासाठी नव्हतं केलं. माझ्यासाठी केलं."

बुरुलने मान हलवली. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, आणि कुंदुझने विचारलंही नाही. कढईतल्या पाण्यावर चरबी थिजायला लागली होती.

तेवढ्यात कुंदुझच्या खिशातला फोन वाजला. अगायांचा निरोप होता. हात कोरडे करून तिने वाचला. "अगायांनी परीक्षेचं कळवलंय. आपल्या दोघींची चोवीसला. सकाळी दहा वाजता."

"चोवीस?"

"चोवीस."

बुरुलने खिशातून आपला फोन काढला आणि तिथेच बसून मॉनिटर एर्लानला लावला. "एर्लान, अरे, माझी नीतिशास्त्राची परीक्षा कितीला ठेवलीय, जरा बघून सांग ना... हो, थांबते." ती थांबली. कुंदुझ तिच्यापासून हातभर अंतरावर होती. "चोवीस? दहाला? बरं. बरं, ठेवते."

रागाने केलं असतं तर कुंदुझला सोसलं असतं. बुरुलने ते सहज केलं होतं. केलं हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. फोन खिशात ठेवून ती उठली, कढईची एक कडी धरून म्हणाली, "चल, पाणी बदलू," आणि कुंदुझने दुसरी कडी धरली.